उटण्याच्या ग्राइंडरमध्ये सुकट

दिवाळी तोंडावर आलेली असताना मी बायकोच्या उटण्याच्या ग्राइंडरमध्ये सुकट दळली.

वाक्य एवढंच आहे. ते कुठूनही वळवून बघितलं तरी बरं दिसत नाही. "माझ्याकडून दळली गेली" असंही म्हणून पाहिलं. पण सुकट काही आपली आपण कढईतून उठून ग्राइंडरमध्ये जाऊन बसत नाही. ती निवडावी लागते, भाजावी लागते, गार करावी लागते आणि मग झाकण उघडून आत ओतावी लागते. हे सगळं मी भर सकाळी, शुद्धीवर असताना, डोळ्यांना चष्मा लावून केलं.

आम्ही आगरी. मूळ गाव अंबरनाथच्या बाजूचं, आता बदलापूर पूर्वेला शिरगावात एका सोसायटीत राहतो. वाळवलेली बारीक कोळंबी म्हणजे आमची सुकट. ती भाजायची, लसूण आणि सुक्या मिरचीबरोबर वाटायची, वर कच्चं तेल सोडायचं आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खायची. आमच्याकडे हिला कोणी जेवण म्हणत नाही. ताप उतरला, तोंडाला चव नाही, दे सुकट. पाहुणे गेले, घर रिकामं वाटतंय, कर सुकट. तर अशा माणसाचे नवरात्रातले दिवस बिनम्हावऱ्याचे, म्हणजे मासळीशिवाय गेले. दसरा झाला, आता सुटलो म्हणून मी स्वयंपाकघराकडे बघतोय, तर बायकोने जाहीर केलं, "उटणं होईपर्यंत घरात सुकं म्हावरं भाजायचं नाही."

"ओलं?"

"ओलं रविवारी बघू. सुकं नाही म्हणजे नाही. कचोरा वास धरतो."

उटणं ही तिची दर वर्षीची गोष्ट. गव्हला कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल, थोडी मसूरडाळ, मुलतानी माती. कशाचं किती हे तिच्या बोटांना माहीत, मला विचारू नका. आजवर ती ते पुड्या बांधून नात्यात आणि शेजारी वाटायची. लोक घ्यायचे, छान म्हणायचे, आणि पुढच्या दिवाळीला स्वतःहून डबा घेऊन यायचे. पण फुकट मिळालेल्या वस्तूला लोक छानच म्हणतात, हे तिला आतून डाचत असावं. या वर्षी तिने मनावर घेतलं आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका दुकानात विचारलं. पूजेचं सामान, मेंदी, अत्तर, बांगड्या असलं सगळं ठेवणारं ते दुकान. गल्ल्यावर एक सिंधी बाई बसतात, सगळा बाजार त्यांना चाची म्हणतो. चाचीने ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाभी, पावडर तो सब बनाता है. तू सँपल ला. मी नाकाने पास करते. पास झाला तर इकडे, पुढे, काचेवर ठेवीन. नाही झाला तर राग नाही मानायचा."

काचेवर. बायको त्या दिवशी घरी आली ती वेगळीच चालत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या उटण्याला नाही म्हणू शकणार होतं, आणि म्हणूनच त्याच्या हो ला किंमत होती. ती हे असं बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, "चाचीचं नाक फार तिखट आहे म्हणतात."

आता ग्राइंडर. ते आमच्या घरातलं तिचं सगळ्यात लाडकं यंत्र. मिक्सर नव्हे. जाड स्टीलचं, कुकरसारखं भांडं, खाली मोटार, वर स्क्रूने आवळायचं झाकण, आणि हे सगळं दोन खांबांच्या मध्ये टांगलेलं. दळून झालं की भांडं पाळण्यासारखं उलटं झुकवायचं, पावडर परातीत. काष्ठौषधीवाल्यांकडे असतं तसलं. तिने ते जुनं घेतलं आणि नव्यासारखं ठेवलंय. त्याचे तिचे नियम आहेत. आधी प्लग काढायचा, मगच आत हात घालायचा. सलग चालवायचं नाही, मोटारीला हात लावून बघायचा, गरम लागली की थांबायचं. पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. दळून झालं की ब्रशने कडा झाडायच्या, मग मूठभर कोरडे तांदूळ फिरवायचे, ते पीठ टाकून द्यायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि झाकण उघडं ठेवून उन्हं दाखवायची. झाडायचा ब्रश म्हणजे माझाच दाढीचा जुना ब्रश. मी नवा घेतला तेव्हा तिने तो माझ्या हातातून काढून घेतला होता. "याला अजून काम आहे," म्हणाली. रिटायरमेंटनंतर मला असं कोणी म्हणालेलं नाही.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर मेंटेनन्स खात्यात होतो. हे ऐकून लोक मला शेगडीपासून लिफ्टपर्यंत काहीही दाखवतात, आणि मी ते बघतो. बायकोला मात्र खरी परिस्थिती माहीत आहे. चाचीसाठी पाकिटं आणि लेबलं आणायला ती कॅम्प तीनला निघाली, तेव्हा दारातून वळून म्हणाली, "मशीनकडे बघायचंसुद्धा नाही."

"बघितल्याने काय होतं?"

"तुम्ही बघितलंत की त्याचं काहीतरी सैल होतं."

ती गेली. मी खाली भाजी आणायला गेलो आणि भाजीवाल्याच्या शेजारी सुक्या म्हावऱ्याची टोपली घेऊन बसलेली बाई मला म्हणाली, "घे रं दादूस. सुकट चांगली हाय. वास घे, मंग बोल."

मी वास घेतला. त्यानंतर माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

माझा हिशोब साधा होता. बायको संध्याकाळी येणार. कचोरा, वाळा वगैरे सगळं बेडरूममध्ये बेडवर चादर टाकून पंख्याखाली पसरलेलं. तिथलं दार लावलं, दाराखाली टॉवेल सारला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी, पंखा चालू. सुकट भाजली, मिरची भाजली, लसूण सोलला. इथपर्यंत मी बऱ्यापैकी हुशार माणूस होतो. मग वाटायला गेलो तर मिक्सरच्या भांड्याखालचं ते काळं प्लॅस्टिकचं फूल तुटलेलं. ते मीच आधी घट्ट करायला गेलो होतो. खलबत्ता होता, पण बेडच्या पोटातल्या कप्प्यात, आणि बेड उचलायचा तर वरचा सगळा कचोरा जमिनीवर. पाटा गावी.

आणि ओट्याच्या टोकाला, पांढऱ्या फडक्याखाली, तो पाळणा शांत बसलेला.

मी स्वतःला जे सांगितलं ते अगदी मेंटेनन्सच्या भाषेत होतं. यंत्राला आपण काय घातलं ते कळत नाही. ते फक्त दळतं. नंतर नीट साफ केलं की झालं.

बटण दाबलं. खर्र झालं आणि संपलं. मिक्सरमध्ये सुकट भरड होते, एखादं डोकं तसंच राहतं, दातात येतं. ही पडली ती टाल्कम पावडर. लसूण त्यात कुठे गेला ते कळलं नाही. तेल सोडलं, कालची भाकरी गरम केली आणि खिडकीत बसून जेवलो. समोर नवीन टॉवरचं काम चाललं होतं, क्रेन आरामात फिरत होती. एवढी चांगली चटणी मी आयुष्यात खाल्लेली नाही. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

जेवण झाल्यावर मी साफसफाईला लागलो. प्लग काढला. ब्रशने झाडलं. मूठभर तांदूळ फिरवले, पीठ वर्तमानपत्रावर काढलं. आत नाक घातलं तर सुकट. पुन्हा तांदूळ. पुन्हा सुकट. ब्रशला नाक लावलं तर तिथेही सुकट, म्हणजे मी एवढा वेळ सुकट काढत नव्हतो, लावत होतो. ब्रश साबणाने धुतला, खिडकीत ठेवला. तळाशी पात्यांचा मनोरा असतो, त्याच्या खाली काहीतरी अडकलं असणार हे माझ्या लक्षात आलं. शाबास. पाना घेतला आणि पात्यांचा नट सोडवायला लागलो. नट हलेना. जोर लावला, जरासा हलला, पण सुटेना. आणखी जोर लावला. नंतर कळलं की त्या नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे मी सगळी ताकद लावून तो आवळत होतो. त्या वेळी मला वाटलं, वेल्डिंग केलेलं दिसतंय. मग लिंबू पिळून ओलं फडकं घेतलं, कारण पाणी वर्ज्य असलं तरी लिंबाबद्दल नियमात काही नव्हतं. झाकणाच्या आतली रबराची रिंग हुंगली, तीच गुन्हेगार वाटली. ती काढून उकळत्या पाण्यात टाकली. काही वेळाने ती अंग धरून वर आली आणि आपल्या खाचेत मावेना. चमच्याच्या दांड्याने कोंबून बसवली.

आता खात्री कशी करायची? माझं नाक तर चटणी खाऊन बसलेलं. मला आमच्या मजल्यावरची मांजर आठवली. ती करडी मांजर कोणाचीही नाही आणि सगळ्यांच्या दारात असते. मी ग्राइंडर उचलून पॅसेजमध्ये नेऊन ठेवला. मांजर आली, भांड्यात डोकं घातलं आणि तिथेच राहिली. नापास. मी ते सुकटीच्या वासाचं तांदळाचं पीठ आणि कढईच्या तळाचा चुरा तिला वर्तमानपत्रावर वाढला, कारण ते टाकायचं तरी कुठे, आणि पुन्हा आत येऊन पुसायला बसलो. पुसून पुन्हा बाहेर नेला. या खेपेला मांजर आली, लांबूनच बघितलं, मिशी साफ केली आणि जिन्यात जाऊन झोपली.

पास! मी समाधानाने दार लावलं. तिचं पोट भरलं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

उरलेली चटणी डब्यात घालून पोह्यांच्या डब्यामागे ठेवली. देवाजवळ धूप लावला, भरपूर. बायको आली, पाकिटांची पिशवी खाली ठेवली आणि थांबली.

"आज काय देव आठवला?"

"दिवाळी आलीय," मी म्हणालो.

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. पण दिवसभर फिरून पाय दुखत होते, आणि आठवडाभर कचोरा हुंगून तिचं नाक बहिरं झालेलं. तिने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उटणं दळलं. एकेक वस्तू वेगळी, मध्ये थांबत, मोटारीला पालथा हात लावत. मग पातळ सुती फडक्यातून गाळायला बसली. उटणं वस्त्रगाळ हवं, नाहीतर अंगाला टोचतं. ती फडकं बोटांनी हळूहळू फिरवत होती आणि खाली परातीत पिवळसर ढीग चढत होता. खिडकीतून ऊन त्या परातीवर पडलेलं. मी समोर बसून संत्र्याच्या सालीतले जाड तुकडे वेचून देत होतो. घरभर वाळ्याचा आणि गुलाबाचा वास. मी चार वेळा परातीवर वाकलो, दर वेळी कचोराच. मला वाटलं, आपण सुटलो. आणि सुटल्यावर माणसाने गप्प बसावं, ते मला जमत नाही. मी म्हणालो, "मी लावून बघू का? अंघोळीला?"

तिने वर बघितलं. इतक्या वर्षांत मी नरकचतुर्दशीलासुद्धा साबणच लावायचो. "लावा की," ती म्हणाली, आणि वाटीत काढून दिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटी घेताना नजर चुकवावी लागली.

बाथरूममध्ये मी उटणं कोमट पाण्यात कालवलं, छातीला लावलं, आणि दोन श्वास घेतले.

कोरडं असताना जे झोपलेलं होतं ते कोमट पाण्याने जागं झालं. आधी गुलाब आला, मग वाळा आला आणि त्यांच्या मागून, कोणाचीही घाई न करता, सुकट आली. सौम्य नाही. भाऊच्या धक्क्यावर टोपल्या उतरवताना येतो तसला वशाट वास, वर गुलाबपाणी शिंपडलेला. मी साबण लावला, पुन्हा साबण लावला, बायकोचा शांपू लावला. मग नळ बंद करून उभा राहिलो. बाहेर पाकिटांचा आवाज येत होता. ती एकेक पाकीट फुंकून उघडत होती. उद्या सकाळी ते चाचीच्या काचेवर जाणार होतं. चाची ते तळहातावर घेणार, हुंगणार, आणि माझ्या बायकोकडे बघणार.

आता काय ते सांगून टाकू, असं ठरवून मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. कसं सुरू करायचं तेही ठरवलं होतं. पण दूधवाल्यासाठी दार उघडं होतं, आणि पॅसेजमधून ती करडी मांजर सरळ आत आली, माझ्या पायाशी येऊन बसली आणि माझी पोटरी चाटायला लागली.

बायकोने मांजरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. हातातलं पाकीट खाली ठेवलं, उठली, माझ्या खांद्याजवळ येऊन वास घेतला.

"तुम्ही उटणं लावून अंघोळ केलीत की सुकट लावून?"

तिने ओट्याकडे बघितलं, मिक्सरच्या तुटलेल्या भांड्याकडे बघितलं, धुऊन फुललेल्या दाढीच्या ब्रशकडे बघितलं. मी काही लपवलं की कुठे लपवतो ते तिला पाठ, जाऊन पोह्यांचा डबा पुढे ओढला. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली, आणि भरलेल्या पाकिटांवरून हात फिरवत म्हणाली, "चाचीने तोंडावर सांगितलं असतं हो. चारचौघांत."

"मी नवीन सामान घेऊन येतो," मी म्हणालो.

"आणालच. आणि चाचीला सांगून या, दोन दिवस उशीर आहे म्हणून. खरं कारण सांगायचं. तुम्ही खोटं सांगितलंत तर मला नंतर आणखी काहीतरी साफ करावं लागेल."

मी गेलो. उल्हासनगर स्टेशनहून शेअर रिक्षाने कॅम्प तीन, जीन्सच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत. काष्ठौषधीच्या दुकानातून सगळं पुन्हा घेतलं आणि चाचीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत मी बांगड्या बघितल्या. मग सगळं सांगितलं, अगदी नटापर्यंत.

चाची हसल्या नाहीत. त्यांनी चष्म्यावरून मला बघून घेतलं. "मशीन में मच्छी?"

"सुकट."

"वही तो मच्छी." मग गल्ला बंद करत म्हणाल्या, "भाभी को बोल, मैं रुकती. दो दिन रुकती. पर पास फिर भी नाक से ही होगा, साईं. नाक रहम नहीं करता."

घरी आलो तर बायकोने वर्तमानपत्र पसरून ग्राइंडर उघडायला घेतला होता. मी जवळ जाऊन बसलो. तिने उठा म्हटलं नाही. तिने प्लग काढून वायर गुंडाळून आधीच बाजूला ठेवली होती. पाना लावला आणि उलट्या दिशेने जोर लावला. नट हलेना.

"कोणीतरी राक्षसाने आवळलाय," ती म्हणाली.

राक्षसाने पुढे होऊन खांब धरले, तिने पाना दाबला आणि नट सुटला. पाती एकेक वर आली, तिने ती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने ओळीत मांडली. शेवटच्या पात्याखाली, दांड्याभोवती, गुलाबी-तपकिरी लगद्याचं कडं बसलेलं होतं, माझ्या लिंबाने छान घट्ट झालेलं. तिने ते कान कोरतात तशा काडीने काढलं. पाती शिकेकाईच्या गरम पाण्यात टाकली, कारण पाती निघतात तेव्हा ती धुवायला हरकत नाही, भांड्याला मोटार चिकटलेली असते म्हणून त्याला पाणी नको. भांडं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. बाजूच्या दोन टोप्या काढून मोटारीला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांवरची धूळ फुंकली. "हे दिवाळीनंतर करणार होते," ती म्हणाली. माझी फुगलेली रिंग तिने बोटात धरून थोडा वेळ बघितली, अन् कचऱ्यात टाकली. नवी रिंग तिच्याकडे होती, मशीनबरोबर आलेली, हेअरपिनांच्या डबीत जपून ठेवलेली. गाळायचं फडकं टाकून दिलं, जुन्या मलमलच्या ओढणीचं दुसरं फाडलं. दाढीचा ब्रश माझ्या हातात दिला. "हा तुमचा तुम्हाला परत."

पाती उन्हात वाळली. संध्याकाळी सगळं जोडलं. या वेळी नट कुठल्या बाजूला फिरतो ते मला तिने दाखवलं, आणि मी आवळला, बेताने. वाळलेल्या संत्र्याच्या सालीबरोबर तांदूळ फिरवले, टाकून दिले, पुन्हा फिरवले. मग तिने त्या शेवटच्या पिठाची चिमूट तळहातावर घेतली, कोमट पाणी टाकलं आणि नाकाशी नेली. बराच वेळ. माझ्याही नाकाशी धरली. संत्रं होतं. फक्त संत्रं.

"ओलं करून बघायचं, हे मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "तेवढं तुमच्या अंघोळीने शिकवलं."

माझ्याबद्दल आमच्या घरात एवढं चांगलं बरेच दिवसांत कोणी बोललेलं नव्हतं, आणि त्यानेच घात झाला असणार.

नवीन उटणं दळून झालं, गाळून झालं, पाकिटात भरून झालं. चाचीकडे जायच्या दिवशी बायको ठेवणीतली साडी नेसत होती. मी तयार होऊन स्वयंपाकघरात बसलो होतो. पोह्यांच्या डब्यामागे तो डबा तसाच, तिने बघूनही न टाकलेला. थोडीशीच उरलेली. टाकून देणं जिवावर आलं. उभ्या उभ्या, अर्ध्या भाकरीबरोबर, बोट फिरवून डबा साफ केला. हात धुतले, साबणाने. पिशवी उचलली.

दुकानात चाचीने आम्हाला स्टूल दिलं. गर्दी होती, पण त्यांनी सगळ्यांना थांबवलं. पाकीट फोडलं, तळहातावर उटणं घेतलं आणि गल्ल्याखालून पाण्याची बाटली काढली. म्हणजे त्यांना ओलं करून बघायचं माहीत होतं. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं. चाचीने बोटाने कालवलं, नाकाशी नेलं. डोळे मिटले. समोरच्या बायका माना पुढे काढून बघायला लागल्या.

चाचीच्या कपाळावर आठी आली.

बायकोने साडीचा पदर मुठीत धरला. चाचीने पुन्हा हुंगलं. मान तिरकी केली. मग तळहात दूर धरला आणि नाक मात्र तसंच पुढे ठेवून, काउंटरवर वाकून, हळूहळू माझ्या दिशेने आल्या. माझ्या हातापाशी थांबल्या. माझी बोटं वर उचलली.

"तू बाहर जा," चाची म्हणाल्या.

मी बाहेर जाऊन जीन्सच्या गठ्ठ्यावर टेकलो. काचेतून आत दिसत होतं. चाचीने टेबलफॅन लावला, थोडा वेळ थांबल्या, नवीन चिमूट घेतली, ओली केली, हुंगली. पुन्हा हुंगली. मग तो तळहात शेजारच्या बाईच्या नाकाशी धरला, मग तिच्या शेजारच्या. त्या बायका माना हलवायला लागल्या. चाचीने काचेवरच्या अत्तराच्या बाटल्या मागे सारल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बायकोची पाकिटं उभी करून ठेवली. बायको त्यांच्याकडे बघत उभी राहिली. पदर तिने सोडला होता.

मी दारात जाऊन डोकावलो.

"माल पास, भाभी," चाची माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मशीन खोल के साफ किया ना तूने? अब इसको भी खोल."